बोलता यावं, गाता येऊ नये

डॉक्टर कुशवाह म्हणाले, गोळी चालू राहू द्या,
पण चाला. रोज. अर्धा तास, चढाचं.
वेग किती?
तर बोलता यावं, गाता येऊ नये.

ग्वाल्हेरात राहून हे ऐकायचं!
आमच्या गल्लीत दूधवालासुद्धा
सायकल टेकवताना खर्जात खाकरतो.

तर उरवाई गेट, पहाटेचे पावणेसहा,
मुलाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले,
आणि त्यांत मी.
एजी ऑफिसात एकतीस वर्षं
लोकांच्या पेन्शनी जुळवत बसलेली.
घरच्या जिन्यात अर्ध्यावर
चप्पल झटकायचं निमित्त काढून थांबणारी.

बोलायचं, पण कुणाशी?
पहिल्या दिवशी बावीसचा पाढा काढला.
बावीस चोक अठ्ठ्याऐंशी.
तिथंच श्वास संपला.
बसल्या जागी नाडीही तेव्हा तेवढीच होती.

कड्यात कोरलेले तीर्थंकर बघत होते.
शतकं झाली, उभे आहेत, धाप नाही.
काहींना तर चेहराही नाही.
त्यांचं बरं आहे, आतबाहेर दगड.
माझं मुठीएवढं, मांसाचं,
वरून कुणी विचारलं नाही
तर फाईल पुढे न सरकवणारं.

बावीस पाचे दाहोदरसे, आठवड्याने.
बावीस सक बत्तीसासे, दसऱ्याला.
चौकीदार म्हणाला, ‘अम्मा, किससे बात करती हो?’
उत्तर द्यायला थांबले असते
तर पाढा चुकला असता.

साखर उतरली म्हणे, ती कागदावर.
नाडी बहात्तर, तीही कागदावर.
मला कळलं ते एका संध्याकाळी,
भाजीची पिशवी घेऊन दारात पोचले
आणि आठवलं,
चप्पल झटकायची राहिली.
आणि झोप. दिवा मालवते, मग थेट पहाट.
मधले दोन-तीनचे टोल
आता कोण मोजतं कोण जाणे.

माघातलं धुकं होतं. खालचं लष्कर दिसत नव्हतं.
तिसऱ्या वळणावर, एकोणतीसच्या पाढ्यात कुठंतरी
जीभ घसरली
आणि तोंडातून भूप निघाला,
शाळेत मुळेबाईंनी घोटून घेतलेला,
चाळीस वर्षं न उघडलेला.
ग, प, ध,
आणि वरचा सा लागला. लागून राहिला.
धुक्यातल्या त्या बिनचेहऱ्याच्यांनीही
ऐकला असणार.

मग लक्षात आलं.
गाता येतंय,
म्हणजे वेग कमी पडतोय.

सा तसाच सोडला
आणि पाय उचलले.