पाचशे शब्दांत उद्देश

फॉर्मवर छापलंय: पाचशे शब्दांत उद्देश लिहा.
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
आज तिसरी रात्र.
नखांत शाई, रॉकेलनंही न निघणारी,
आणि कागदावर एकच वाक्य:
'मला लहानपणापासून कलेची आवड आहे.'
खोडलं.
आवड तर खालच्या घाडगेकाकूंनाही आहे,
जुनी कॅलेंडरं गादीखाली जपून ठेवतात.

चार वर्षं मी उलटं लिहायला शिकले.
जस्ताच्या पत्र्यावर, मेणातून सुई ओढत,
काना अक्षराच्या डावीकडे.
छापलं की सगळं आपोआप सुलट व्हायचं.
आता सुरुवातीपासूनच सरळ लिहायचंय
आणि सरळ येत नाही.

पत्रा अॅसिडमधून कधी काढायचा
हे मला बुडबुड्यांवरून कळतं.
हे कुठल्या रकान्यात भरू?

इतिहास विभाग आमच्या स्टुडिओपासून चाळीस पावलं,
वडाच्या पलीकडे.
तरी अर्ज पोस्टानंच मागवतात.

जामदार सरांनी शिफारसपत्र दिलं, तीन ओळींचं:
हात चांगला आहे.
वेळेवर येते.
प्रेस पुसून ठेवते.
मी म्हटलं, सर, थोडं विचारांबद्दलही लिहा ना.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली
आणि सही केली.

बाबा म्हणाले, म्हणजे आता दुसऱ्यांची चित्रं बघत बसणार?
हो.
आणि तुझी?
पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

लेखनाचा नमुना म्हणून वीस पानं जोडलीत.
वीसही पानं एकाच लक्ष्मीवर.
रावपुऱ्यात इस्माइलभाईंच्या फ्रेमच्या दुकानात
फुटक्या काचांखाली सापडली.
'बेन, आ तो रद्दी छे,' म्हणत
त्यांनी तीस रुपये घेतलेच.
पुस्तकं बोलतात कमळाबद्दल, हत्तींबद्दल,
साडी कुठल्या प्रांतातली याबद्दल.
मला दिसला तिच्या ओठांचा लाल,
जो ओठांवर नाही,
केसभर डावीकडे, गालावर आलाय.

लाल रंगाचा दगड चढला तेव्हा
कुणाची तरी खूण चुकली.
जेवून आला असेल. डोळा लागत असेल.
नाहीतर हवा दमट, कागद ताणला गेला,
आणि त्याचा काहीच दोष नव्हता.
मालकानं चालवून घेतलं.
कुणीतरी विकत घेतली, भिंतीवर लावली,
कोपऱ्यात समईच्या तेलाचा डाग आहे.
तो संध्याकाळी हात धुऊन घरी गेला असणार,
नखांत तांबडं घेऊन.

त्याचं नाव मला सापडलं नाही.
तळटीप अकरा: मुद्रक अज्ञात.
हे दोन शब्द मी सात वेळा लिहिले,
सात वेळा तेच झाले.

आता पुन्हा कोरा कागद.
लिहिलं: 'लाल केसभर डावीकडे सरकलाय,
आणि ते कसं झालं हे मला माहीत आहे.'
वाचलं.
'माहीत आहे' खोडून
वर बारीक अक्षरांत 'माझा अंदाज आहे' लिहिलं.

खालून शेवटची रिक्षा गेली.
मी अजून
खोडलेल्या शब्दांकडेच बघतेय.