डेडस्टॉक

रजिस्टरला चार रकाने:
आले, फुटले, हरवले, शिल्लक.
सही मोकल सरांची, लिहिणारा मी,
कारण अक्षर बरं आहे
आणि खेळाच्या खोलीची चावी माझ्या करगोट्याला.

जूनमध्ये फुटबॉल नऊ.
हवा धरणारे तीन.
मैदानाचं तळं झालेलं, म्हणून जिन्याखाली कॅरम,
राणी हरवलेली,
तिच्या जागी लाल हाऊसच्या शर्टाचं बटण.
कुणाच्या शर्टाचं, ते कुणाच्या तरी आईला
संध्याकाळी कळलं असेल.

ऑगस्टात कबड्डी. वजनगट.
शाळेचा काटा दोन किलो खोटं बोलतो,
म्हणून पोरं रांगेने दिव्याच्या जेट्टीवर नेली.
प्रणित तांडेलच्या आईने बोंबलांची पाटी उतरवली
आणि एकेकाला चढवलं.
ओजस केणी अर्धा किलो जास्त.
"डोकं काढून भर गो," पलीकडची म्हातारी म्हणाली,
सगळी जेट्टी हसली, ओजस सोडून.
तो रात्री जेवला नाही,
सकाळी खिडकीतून थुंकत थुंकत वजनात बसला,
आणि पहिल्याच चढाईला
कोपरखैरण्याच्या पोरांनी त्याला
ओल्या चादरीसारखा ओढून पिळला.
परतताना चार वडापाव खाल्ले त्याने.
हे कुठल्या रकान्यात?

नवरात्रात मैदान मंडळाचं.
दसऱ्यानंतर परत मिळालं, खिळ्यांसकट.
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
रेहान मुकादम चार दिवस मैदान नांगरत होता,
मागे पाचवीची अख्खी तुकडी,
नांगरामागे बगळे चालतात तशी.
एक किलो दोनशे ग्रॅम.
भंगाराच्या पैशात खोखोच्या खांबाला रंग आला.
म्हणजे अर्ध्या खांबाला.
दुसरा अर्धा अजून वाट बघतोय.

डिसेंबरात गॅदरिंगच्या शर्यती. पोत्यांवर अजून
'बासमती' छापलेलं.
यंदा कुणाचा दात पडला नाही.

मग जानेवारी, वाशीच्या शाळेशी क्रिकेट.
त्यांचे बूट पांढरे, त्यांच्या पाण्यालाही रंग.
आम्ही एकोणीस सर्वबाद,
त्यातले सात वाइड.
शेवटी प्रणित आत गेला.
हा पोरगा हजेरीलाही नुसता हात वर करतो.
त्याने एक मारला. एकच.
कुंपणावरून, कांदळवनाच्या पार.
दोन्ही संघ चिखलाच्या काठाशी जाऊन उभे,
फ्लेमिंगो उठले, फिरले, पुन्हा बसले,
बॉल काही दिसेना.
पंचांनी दुसरा काढला, त्यावर तो त्रिफळाचित.

लिहिलं: लेदर बॉल, एक, हरवला.

मार्चमध्ये सातवी जाते. आमच्याकडे पुढे वर्ग नाहीत.
दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा शिक्का असतो,
चढाई कशी होती, याचा नसतो.
ओजस सायकलवरून येऊन दाखला घेऊन गेला,
वजन विचारलं तर हसला.
प्रणित आला नाही.

एप्रिलात, शाळा बंद असताना,
मी जाळ्या मोजत होतो.
दारात प्रणितचे वडील. हातात पिशवी, पिशवीत बॉल:
शिवण उसवलेली, आत गाळ,
एका अंगाला तीन बारीक शिंपलं घट्ट.
"जाल्यान घावला. पोरगा बोलतो, शालेचा हाय."
मी रजिस्टर उघडलं.
परत आले, असा रकाना नाही.
हरवलेमध्ये खोडावं तर खाडाखोड,
ऑडिटवाला त्यावरच बोट ठेवणार.
मी पेन तसंच धरून.

ते म्हणाले, "कुठना मारला त्यानं?"

मैदानात नेलं.
उन्हात पिच भाकरीसारखी तडकलेली.
ते चप्पल काढून क्रीजवर उभे राहिले,
कुंपणाकडे पाहिलं, त्याच्यापलीकडे पाहिलं,
जिथे पाणी नुसतं एक रेघ असतं,
डोळ्यांवर हात धरून बराच वेळ.

"लांब हाय," म्हणाले.