वाजणारा बरा

आनंदा खाडे, शिंगणापूरचा, दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन,
रात्री नऊला आला आणि खुशीत म्हणाला,
"मिस्त्री, आवाज आपोआप गेला बघा.
दोन महिनं टिकटिक लावली हुती,
आता कशी गुमान चालतीया."

मी हसलो नाही.
"गाडी ठेवून जा."
"आनि सकाळचं दूध?"
"साडेचारला ये. तोवर हिला कुणी किक मारायची नाही.
गरम इंजिन खोटं बोलतं."

पहाटे साडेतीन. उद्यमनगरात एकही लेथ फिरत नव्हता.
फाउंड्रीच्या दारात काळ्या वाळूचा ढीग,
त्यावर कुत्रं, पोटात तोंड घालून.
फिन्सवर तळवा ठेवला:
विहिरीच्या आतल्या दगडासारखा गार.
आता बोलू.

टॅपेटची दोन्ही झाकणं काढली.
डावीकडची टोपणं, चौदाचा सॉकेट,
क्रँक हळूहळू घड्याळाच्या उलट,
खिडकीत टीची रेघ खाचेसमोर येईपर्यंत.
दोन्ही रॉकर बोटानं हलले, म्हणजे ठीक.
(नाहीतर अजून एक पूर्ण फेरा.
नवशिके इथंच फसतात. मी फसलो सत्याऐंशी साली.
दस्तगीर मिस्त्रींनी मारलं नाही, समोर बसवून चहा पाजला.
तो चहा अजून लागतोय.)

इनटेकला पाचची पात. जराशी अडली, गेली.
एक्झॉस्टला दहाची. नाही.
आठची नाही. पाचची नाही.
सगळ्यात पातळ, जी मी कधी उघडत नाही,
जिच्यावर अजून कंपनीचं तेल आहे,
तीही दारातच थांबली.

फटच नव्हती.
व्हॉल्व्ह पुरता टेकतच नव्हता बुडाला,
आणि दर स्फोटाची जीभभर आग
त्याच्या कडेवरून निसटत होती,
कड खात,
गप्प.

"वाजनारा टॅपेट बरा, पोरा," दस्तगीर मिस्त्री म्हणायचे,
"बोंबलतोय तवर त्याचं बरं चाललंय.
गप झाला, की आतनं जळतोय म्हनून समज."

आमच्या घरात मधली भिंत चार इंचाची.
पलीकडं सर्जेराव, माझा धाकटा.
दुकानाच्या वाटणीवरून वर्षभर भांडला,
ताट भिरकावलं, माझ्या पोरीच्या साखरपुड्यात तणतणला.
मार्चपासून आवाज नाही.
गल्ली म्हणते, निवलं एकदाचं.
मीही तेच म्हणत होतो.

लॉकनट सैल केला.
चौकोनी डोकं केसभर उलटं, अजून केसभर,
दहाची पात आत, आणि मग ती ओढ,
भिजल्या चामड्याखालून सुरी काढावी तशी,
ना फुकट ना जबरदस्ती.
नट आवळताना पुन्हा हलला हा दिवटा.
परत सोडला. परत. तिसऱ्यांदा बसला.
क्रँक फिरवून बघितला: दाब होता अजून.
उशीर झाला होता, पण फार नाही.

साडेचार. आनंदानं किक मारली.
टिक. टिक. टिक. टिक.
"बिघडवली की ओ मिस्त्री!"
"चालू दे. ह्याच आवाजात चालू दे."
कुरकुरत पैसे दिले, वीस कमीच,
आणि टिकटिक करत गेला रंकाळ्याच्या बाजूला.

हात धुतले नाहीत. घरी आलो,
सर्जेरावच्या कडीला तेलाचं बोट लागलं.
तो दारात, उघडा, डोळे चिकटलेले.
काय बोलावं हे वाटेत ठरवलंच नव्हतं.
म्हणालो, "चौदाचा सॉकेट तुझ्याकडं राहिलाय काय रे?"

तो बघतच राहिला.
सॉकेट माझ्या खिशातून डोकावत होता.

"माझ्याकडं?" तो म्हणाला. मग मोठ्यांदा, "माझ्याकडं?
दिवाळीत सगळा सेट उचलून कोण गेलं?
आनि आबांचा तो व्हाइस? आनि त्या..."

चाळीतले दोन दिवे लागले.
मी उंबऱ्याला टेकलो, मान जरा कलती करून,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावल्यासारखा,
ऐकत.