हाळी

शिरपूरच्या बसस्टँडमागे, झेरॉक्स आणि रसवंतीच्या मधे
माझं दुकान. म्हणजे एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर.
टीव्ही घेत नाही. मोबाइल क्वचित.
ज्यांना कुणी हात लावत नाही, ते काडेपेटीएवढे गाणेवाले डबे घेतो.
चार बटणं, नखाएवढी काच,
पाठीवर कंपनीचं नाव, बहुतेक खोटं.

वेडू आप्पांनी तो रुमालातून सोडला.
"भाऊ, हाई चालू व्हस नि बंद व्हस.
नाव दखाडस, परत नाव दखाडस."

खरंच. स्वतःच्या नावापुढे जातच नव्हता.
उंबऱ्यावर कुणी चप्पल घालावी, काढावी,
पुन्हा घालावी, तसं.

विचारलं, गाणी कुठली आहेत?
"गाना नहीत. मीच शे तेमा."

सांगवीच्या वर, जिथून सातपुड्याचा चढ लागतो,
तिथं दुसऱ्याचा मका राखतात आप्पा.
रानडुकरं अकरानंतर येतात.
अकरा वर्षं माळ्यावरून स्वतः ओरडले,
मग भाच्यानं ती हाळी ह्या डब्यात भरून दिली,
भोंग्याला जोडली.
दोन हंगाम आवाज जागला, आप्पा झोपले.
"आते चार रात व्हयनात, परत मीच वरडस."
डोळे लाल. चहा घेतला, बशी हातात धरूनच पेंगले.

पाठ उघडली. आत मक्याचा भुसा, मुंगीची अंडी.
चिपवरचा नंबर भिंगाखाली तिरपा धरून वाचला,
शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना.
एकाच खोक्यात सात तऱ्हेच्या चिपा भरतात हे लोक.
कातडीवरून जात ओळखायची नाही,
पहिल्याच महिन्यात शिकलो, तीन डबे मारून.

दोन पिना चिमट्यानं जोडल्या, वायर खुपसली.
कॉम्प्युटरनं 'टुंग' केलं, म्हणजे नाडी होती.
तीन समजून फर्मवेअर चढवलं.
डबा उठला, पण पडदा उलटा,
अक्षरं चिनी, आवाज वाढवायला गेलं की बंद.
आप्पांनी तो हातात घेतला, पालथा फिरवला:
"आते बरोबर दिखस."

मग आठ.
इथं मात्र थांबलो. म्हटलं, आप्पा,
हे चढवायचं तर आतलं सगळं पुसलं जाईल.
तुमची हाळीसुद्धा.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
सातवीतल्या पोरानं पाढा चुकवल्यावर पाहावं तसं.
"मी मरनू का?"

पट्टी सरकू लागली. चाळीस. साठ.
ह्या वेळी लाइट गेली तर डबा कायमचा विटकूर,
आणि शिरपूरची लाइट तर पाहुण्यासारखी, न सांगता उठणारी.
सत्त्याण्णववर अडली. रसवंतीचा घुंगरू वाजत राहिला.
मी श्वास सोडला नाही. आप्पा आता चक्क घोरत होते.

शंभर.

जागे केलं, माइकचं भोक दाखवलं: ओरडा.
तोंड उघडलं, निघालं फक्त "ओ."
पुन्हा: "ओ." घसा खाकरला. लाजले.
"दिवसा कशी येई?"

बरोबरच होतं. शटर अर्धं ओढलं,
ट्यूब बंद केली, पंखाही.
अंधारात ते उभे राहिले, दोन्ही हात
नसलेल्या माळ्याच्या कठड्यावर.

हाऽऽऽ, हुर्रर्र, निंघाऽऽ रेऽऽ

झेरॉक्सवाल्याचा कागद अडकला.
स्टँडवरचं कुत्रं टेबलाखाली आलं.
खोकला मधेच आला, तोही भरला गेला.
पुसू का म्हटलं. "ऱ्हाऊ दे. डुकरंस्ले पटी."

साठ रुपये दिले, आणि पिशवीतून चार कणसं.
एक प्रत मी ठेवली,
चिपांच्या नंबरांच्या फोल्डरमध्ये, खाली, नंबर नसलेली.

रात्री जेवून हात पुसताना घड्याळाकडे नजर जाते.
अकरा. आप्पा निजले असतील.
वर मक्यात आता त्यांचा खोकला फिरत असेल.