वीस फुटांवर

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, डोळे कोरडे पडलेत.
दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर बघायचं,
वीस सेकंद.
आणि पापणी लववायची, मुद्दाम.

मुद्दाम?
मला हसू आलं.
श्वास घ्यायला विसरू नका, म्हटल्यासारखं.

विडी घरकुलात आमची खोली दहा बाय बारा.
तीत वीस फूट आणू कुठून?
पडद्यावरून मान उचलली की भिंत,
भिंतीवर मार्कंडेय, त्याच्या खाली विजेचं मीटर,
आणि डोक्यावर पत्रा.

काम टॉवेलांचं. मोर, कडेनं वेल.
मोर आठशे टक्के फुगवायचा,
मग तो मोर राहतच नाही,
नुसती निळी-पांढरी फरशी,
आणि मी ती फरशी
एकेक चौकोन पुसत बसलेली.

नायना हेच पुठ्ठ्यावर करायचे.
भोक पाडलं तर धागा उचलणार, नाही तर नाही.
त्यांच्या पुठ्ठ्यांच्या माळा पोटमाळ्यावर आहेत अजून,
आई त्यातला एखादा उन्हाळ्यात
पापडांच्या डब्यावर झाकण म्हणून घेते.

नायनांना आता ऐकू येत नाही.
माग बंद पडले, पण कान त्यांनी नेलेच.
ओरडून सांगितलं, डोळे खुपतात, वाळू गेल्यासारखे.
ते म्हणाले,
धोटा अडकलाय. मेण लाव.

रात्री आरशात पाहिलं. खरंच,
पापणी वर जाऊन तिथंच थांबलेली.
थेंब घातले.
गड्डम शेठ म्हणतातच, भाग्या, डोळ्यांत तेल घालून काम कर.
हे तेल एकशे साठ रुपयांना. बाटली अंगठ्याएवढी.

गड्ड्याच्या जत्रेआधी निकडीची ऑर्डर होती.
दोन वाजता एका मोराचे दोन झाले,
दोघांपैकी खरा कोण ते ठरवून
मी फाइल पाठवली आणि आडवी झाले.
मिटल्या डोळ्यांतही चौकोन.

परवा शेवटी गच्चीवर गेले.
पावलांनी वीस फूट मोजले,
ते बरोबर यल्लव्वाच्या दोरीपाशी संपले.
ती कारखान्यात घड्या घालते,
एखादा टॉवेल तिला मिळतो.

दोरीवर माझा मोर वाळत होता.
डोळ्याचे नऊ चौकोन पांढरे हवे होते,
मी निळे भरले होते, अंगाच्याच रंगाचे.
मोरानं डोळा मिटला होता.

असे चार हजार टॉवेल गेले.
एकही परत आला नाही.
कुठं कुठं, कुणाकुणाच्या खांद्यावर
तो झोपून गेला असेल.

मी मोजायला लागले. एक, दोन.
अकराला वारा आला, टॉवेल फिरला,
उलट्या बाजूला पांढरा मोर,
तोही झोपलेला.

आकडा चुकला.
डोळ्यांतून पाणी आलं, थेंबांशिवाय.
पुन्हा एकपासून.