किती जण?

कुतैसीत, रिओनी नदीच्या वरच्या अंगाला,
बंद पडलेल्या शिवणकारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
आमच्या संस्थेची खोली.
एक टेबल, एक फ्रीज,
आणि मी, गुराम, रेल्वेचा निवृत्त हिशेबनीस.
आमच्या मुलांचं रक्त थांबत नाही,
एवढंच आमचं एकमेकांशी नातं.

फेब्रुवारीत त्सिआला आली.
मी सवयीनं विचारलं, किती जण तुम्ही?
तिनं दोन बोटं वर केली.
एक तिची तेकला, आठ वर्षांची,
जिच्या कातडीला सदऱ्याची शिवणसुद्धा सोसत नाही.
दुसरा बातुमीचा कुणी मुलगा, फक्त फोनवर ऐकलेला,
त्याची आई बोलत होती तेव्हा मागे रडत होता.

दोघांची संस्था होत नाही,
असं मी म्हणालो नाही.
आम्ही पाच होतो तेव्हा
तिबिलिसीच्या एका बाईंनी चष्मा पुसत म्हटलं होतं,
पाच म्हणजे काही आकडा नव्हे.

मी कपाट उघडलं. फेटाळलेले चौदा अर्ज काढून दिले.
मंजूर झालेला दाखवा ना, ती म्हणाली.
तो नंतर. आधी हे वाच.
इथे आम्ही हात जोडले.
इथे आवाज चढवला.
इथे आजाराचं नाव लॅटिनमध्ये लिहिलं, पुढचं कुणी वाचलंच नाही.
पंधराव्यात नुसता एका मुलाचा
एका महिन्याचा खर्च लिहिला, पै न् पै,
खाली बेरीज.

फ्रीजचा खालचा कप्पाही दिला.
तिथे तिची मलमं, वर आमची इंजेक्शनं.
लामारा, माझी बायको, म्हणाली,
शेजारणीला विरजण दिलं
म्हणून आपलं मात्सोनी कमी होत नाही.
मी म्हटलं, दही एका रात्रीत लागतं.
हिला वर्षं लागतील.

लागली. चार.

मधेच कधीतरी उलटं झालं.
आमच्या सभेला ती मागच्या बाकावर बसायची.
एकदा हात वर केला: मुलं कुठायत?
खाली अंगणात, मी म्हटलं. जपून खेळतायत.
त्यांना कधी विचारलंत?

एकवीस वर्षं.
एकवीस वर्षं आम्ही आईबापच बोलत होतो,
ठराव करत होतो, इतिवृत्तं लिहीत होतो.

तेकलाची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची.
पट्टी काढताना एक दोन तीन तुम्ही म्हणू नका.
मी म्हणेन.
मला काखेत धरून उचलू नका. खालून उचला,
ओंजळीत पाणी घेतात तसं.

वाचता वाचता मला झुराबचं मनगट आठवलं.
शीर सापडेपर्यंत किती घट्ट धरायचो मी.
त्याला जाऊन बारा वर्षं झाली.
तो कधी काही बोलला नाही.
मी सुईकडे बघत होतो.

आता आमचीही मुलं स्वतः मोजतात.
एक पठ्ठ्या तर मुद्दाम सतरापर्यंत जातो,
आणि नर्स थांबते, सिरिंज हातात धरून.

त्सिआलाचे आता अकरा आहेत.
येरेवानहून दोन आया आल्या होत्या, वही उतरवून घेऊन गेल्या,
जाताना सुती मोजे उलटे घालण्याची युक्ती ठेवून गेल्या:
शिवण बाहेर.

काल झेस्ताफोनीहून एक माणूस आला.
टोपी हातात, बुटांवर भट्टीची काळी धूळ.
मी चष्मा शोधतोय तोवर
त्सिआलाच म्हणाली, किती जण?

माझी बहीण, तो म्हणाला.
डॉक्टर म्हणतात, देशात तेवढीच.

आजाराचं नाव त्यानं चिठ्ठीवर लिहून आणलं होतं,
दोनदा खोडून.
आम्ही दोघांनी वाचून पाहिलं.
दोघांनाही जमलं नाही.

मग तिनं फ्रीज उघडला.
आमची इंजेक्शनं एका अंगाला सारली,
तिची मलमं दुसऱ्या,
आणि मधल्या कप्प्यातली लामाराची मात्सोनीची बरणी काढून
त्याच्या हातात दिली.
धरा जरा, म्हणाली,
जागा करते.