गुडघाभर

चवथीच्या आदल्या दिवशी, पणजीच्या बाजारात
माटोळीचं सगळं घेऊन झालं होतं,
आंबाडे, तोरिंगण, सुपारीचा घोस,
तरी मी उभाच होतो
एका लालबुंद फळापुढे, ज्याचं नाव
एकसष्ट वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही विचारलं नव्हतं.
‘कवंडळ,’ विकणारी म्हणाली.
चंद्रावती गावस, आंबेधार, सत्तरी.
वाळपईच्याही पुढे,
सह्याद्री जिथे पाय पसरून बसतो तिथली.
फळं बांधली त्याच कागदावर
भाच्याकडून तिनं फोन नंबर लिहून घेतला.
दसरा झाला की ये, वेल दाखवते.
पण पाणी उतरू दे.

कुठलं पाणी?
‘म्हादई,’ ती म्हणाली,
शेजारणीचं नाव घ्यावं तसं.

आता हे सांगायला हवं की तीस वर्षं मी
दिवाडीच्या फेरीबोटीवर होतो.
या काठाहून त्या काठाला, त्या काठाहून या,
सहा मिनिटं.
मांडवी मला आडवी पाठ आहे.
उभी कधीच नाही.
वर तीच बाई माहेरच्या नावानं राहते
हे शाळेत शिकलो होतो. राहून गेलं.

तेव्हापासून दर सोमवारी फोन.
पहिल्या सोमवारी: गळ्याइतकं.
मी सवयीनं विचारलं, ओहोटी किती वाजता?
ती इतकी हसली की भाच्यानं फोन घेतला:
काका, इथलं पाणी परत वर येत नाही.
फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी
बल्कावावर बसून होतो.

मुलगा पुण्याहून विचारतो, तिथे बघायला काय आहे?
एकही फोटो कसा सापडत नाही?
मी चंद्रावतीला विचारलं.
‘पळोवपाक कितेंच ना.’
बघायला काहीच नाही. भातकापणी चालू असेल,
दिवसा घरी कुणी नसणार,
किल्ली तुळशीमागे.
नाचणीची भाकरी चालते ना?
आणि येताना खारे बांगडे आण,
मासेवाला स्कूटर पलीकडूनच भोंगा वाजवून वळवतो.

बस एकच, संध्याकाळची, वस्तीची.
रात्री ती तिथेच झोपते, ड्रायव्हरही,
पहाटे साडेपाचला दोघं उठून निघतात.
चुकली तर आणखी एक दिवस.
शालन म्हणते, चुकवूया.

इंजिनावरचा मिंगेलही येतो म्हणतो.
त्याचा उजवा गुडघा गेल्या पावसापासून वाकत नाही.
दुसऱ्या सोमवारी छाती, तिसऱ्या सोमवारी कंबर,
मग घाटात कुठेतरी कोसळला, पुन्हा छाती.
त्याच्या ओट्यावर बसून आम्ही
मिंगेलच्याच अंगावर बोट ठेवून मोजायचो
नदी कुठवर आली.
बरगडीशी त्याला गुदगुल्या व्हायच्या.
‘तूं राव रे,’ तो म्हणायचा,
आणि स्वतःच बोट धरून खाली न्यायचा.

काल कोजागिरी. पहिल्यांदाच फोन तिचा आला.
‘गुडघाभर.’
कुणाचा गुडघा?
‘माझा. आणि मी बुटकी.’

शालननं माझ्या पँटचे पाय दुमडून बघितले,
पोटऱ्या पांढऱ्याफटक निघाल्या.
तीस वर्षं नदीवर, आणि ऊन काय ते मानेला.
बांगडे तीन वर्तमानपत्रांत गुंडाळले,
तरी पिशवी सगळं सांगते आहे.
मिंगेलचा निरोप आला:
चपला हातात धरायच्या, की काठावर ठेवायच्या?
मलाही माहीत नाही.
पायी माणसाला आमच्या फेरीत तिकीट नव्हतं,
एवढंच त्याला कळवलं.

सोमवारी फोन करायचा नाही आहे.